ऑपोझिट म्हणजे नेमकं कुठलं 'समोर'?

नागपुरात कुणालाही पत्ता विचारा, उत्तरात एकदा तरी 'समोर' येतोच. 'बँकेच्या समोर आहे.' 'चौकातून समोर जा.' 'दुकानाच्या समोर गाडी लावू नका.' शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात रस्ता ओलांडायचा आहे, दुसऱ्यात सरळ पुढे जायचं आहे आणि तिसऱ्यात दुकानाचं दार अडवायचं नाही. दुसऱ्या वाक्याला पुण्याकडचा माणूस जरा अडखळतो, कारण तिकडे अशा ठिकाणी 'पुढे' म्हणतात. विदर्भात 'पुढे'ची बरीचशी कामं 'समोर'कडेच आहेत.

मराठीत यानं काही अडत नाही, बोलताना हातही बोलत असतो. अडतं ते कुरिअरच्या फॉर्मवर, लग्नपत्रिकेच्या इंग्रजी बाजूवर, नाहीतर रिसेप्शनला बसून फोन घेताना. तिथे हात दिसत नाही आणि इंग्रजी या तीन 'समोर'साठी तीन निरनिराळे शब्द मागते. ऑपोझिट हा फक्त पहिल्या 'समोर'चा शब्द. नुकतंच इंग्रजीत पत्ते लिहायला, सांगायला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. एवढी एक वाटणी पक्की झाली की उरलेलं व्याकरण फार नाही.

पायरी १ : मधे काय आहे ते बघा

ऑपोझिट म्हणायचं तर दोन गोष्टींच्या मधे काहीतरी हवं. रस्ता, टेबल, नदी, रूळ, इमारतीतला कॉरिडॉर, काहीही. आणि त्या मधल्या जागेच्या दोन काठांवर दोन्ही गोष्टी एकमेकींकडे तोंड करून हव्यात.

सीताबर्डीच्या मेन रोडवर उभे आहात असं समजा. चपलांच्या दुकानाच्या दारातून नाकासमोर पाहिलं की रस्त्यापलीकडे साड्यांचं दुकान दिसतं. ते ऑपोझिट. चपलांच्या दुकानाच्याच पायरीला खेटून मोबाइल कव्हरचा ठेला लावून एक भाऊ बसलेला आहे. तो ऑपोझिट नाही, तो 'इन फ्रंट ऑफ द शू शॉप'. आणि त्याच रांगेत चार दुकानं सोडून जे घड्याळांचं दुकान आहे, ज्याला आपण 'थोडं समोर' म्हणतो, ते ना ऑपोझिट ना इन फ्रंट ऑफ. ते 'अ लिटल फर्दर' किंवा 'अ लिटल अहेड'.

घरापुढे कडुनिंब असेल तर 'देअर इज अ नीम ट्री इन फ्रंट ऑफ अवर हाउस'. इथे ऑपोझिट म्हटलंत तर ऐकणारा ते झाड रस्त्याच्या पलीकडे शोधेल.

बसण्यातही तोच हिशेब. नागपूर मेट्रोच्या डब्यात बाकं दोन्ही भिंतींना लागून आहेत, त्यामुळे समोरच्या बाकावरच्या माणसाचा चेहरा दिसतो. 'द मॅन सिटिंग ऑपोझिट मी.' शहर बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाचं डोकं मागून दिसतं, तो 'इन फ्रंट ऑफ मी'. रांगेत उभं असताना पुढचा माणूस कधीच ऑपोझिट नसतो, तो वळून तुमच्याशी भांडायला लागला तरी नाही.

आपल्याकडे 'इन फ्रंट ऑफ' लिहून रस्त्यापलीकडचं ठिकाण सांगणारे बोर्ड खूप आहेत. लोक समजून घेतात, कारण वाचणाऱ्याच्याही डोक्यात तोच मराठी 'समोर' असतो. पण पत्ता बाहेरगावच्या किंवा बाहेरदेशीच्या माणसाला जाणार असेल तर ही सवलत मिळत नाही.

पायरी २ : मागे शेपूट लावू नका

'बँकेच्या समोर' यातला 'च्या' आपल्याला इंग्रजीतही हवाहवासा वाटतो. शिवाय 'इन फ्रंट ऑफ'मध्ये 'ऑफ' आहेच. मग हात आपोआप 'ऑपोझिट ऑफ द बँक' लिहून जातो. जागा सांगताना हे चूक आहे. नुसतं म्हणा : 'द क्लिनिक इज ऑपोझिट द बँक.' मधे काही नाही.

'ऑपोझिट टू द बँक' मात्र सरसकट चूक नाही. शब्दकोशांत ते सापडतं, आपल्या इंग्रजीत तर भरपूर चालतं. तरी माझा सल्ला : गाळा. त्याशिवाय वाक्य कुठेही अडत नाही आणि परीक्षेच्या कागदावर कुणी लाल रेघ मारण्याची शक्यता उरत नाही.

'ऑफ' कुठे बरोबर? जिथे ऑपोझिट म्हणजे 'उलट' आणि त्याच्या आधी 'द' आहे तिथे. 'हॉट इज द ऑपोझिट ऑफ कोल्ड.' तेव्हा आधी 'द' असेल तर मागे 'ऑफ' येऊ शकतो, नसेल तर तो बहुधा आगंतुक आहे. मतं, स्वभाव उलट असतील तर 'टू' किंवा 'फ्रॉम' येतो : 'हर व्ह्यू इज ऑपोझिट टू माइन.'

अमेरिकी माणसाकडून किंवा तिकडच्या ॲपमध्ये तुम्हाला ऑपोझिटऐवजी 'अक्रॉस फ्रॉम' भेटेल. 'अक्रॉस द स्ट्रीट फ्रॉम द बँक' म्हणजेही तेच. दोन्ही शुद्ध, फक्त एकाच वाक्यात दोन्ही घालू नका.

पायरी ३ : नामाच्या आधी की नंतर

इथे मराठीचा क्रम दगा देतो. 'समोरचं दुकान' हे जसंच्या तसं 'द ऑपोझिट शॉप' होतं आणि ते इंग्रजी कानाला खटकतं. तिथे म्हणतात 'द शॉप ऑपोझिट'. शब्द नामाच्या मागे जातो. तसंच 'द हाउस ऑपोझिट', 'द पीपल ऑपोझिट', म्हणजे रस्त्यापलीकडे राहणारी मंडळी.

पण एखाद्या गोष्टीला मुळातच दोन बाजू किंवा दोन टोकं असतील आणि त्यातलं दुसरं सांगायचं असेल, तर शब्द आधी येतो : 'द ऑपोझिट साइड', 'द ऑपोझिट एंड', 'द ऑपोझिट डिरेक्शन'. नाग नदीच्या एका काठावरून दुसरा काठ दाखवायचा तर 'द ऑपोझिट बँक'. ऐकणाऱ्याला पैसे ठेवायची बँक वाटली तर पुढे 'ऑफ द रिव्हर' जोडा.

याचा रोजचा उपयोग मेट्रोत आहे. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक अशी जाते. खापरीकडे जायचं असलेला पाहुणा ऑटोमोटिव्हकडच्या गाडीत बसला तर त्याला सांगायचं, 'यू आर गोइंग इन द ऑपोझिट डिरेक्शन.' प्लॅटफॉर्म दोन बाजूंना असलेल्या स्टेशनवर पुढचं वाक्यही लागेल : 'गेट डाउन अँड टेक द ट्रेन फ्रॉम द ऑपोझिट प्लॅटफॉर्म.' 'गेट डाउन' हे आपलं देशी इंग्रजी आहे. परदेशी पाहुण्याला 'गेट ऑफ' म्हणा.

पायरी ४ : पत्त्यात लिहिताना

पिनकोड पोस्टासाठी असतो. तो भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि नागपूर शहराचे पिन ४४० नं सुरू होतात. त्या सहा आकड्यांनी पाकीट तुमच्या भागातल्या पोस्टापर्यंत येतं. तिथून दारापर्यंत माणसाला आणायचं काम घर नंबर, गल्ली आणि 'ऑप.' यांचं. म्हणून 'ऑप.' लिहिताना थोडा विचार हवा.

आधी खूण निवडा. ती तुमच्या घरापेक्षा ठळक हवी आणि जागची हलणारी नको. शाळा, देऊळ, पोस्ट, पाण्याची टाकी, मोठं हॉस्पिटल चालतं. पानठेला चालत नाही, तो महापालिकेची गाडी आली की समोर सरकतो, विदर्भातल्या अर्थानं.

मग ती खूण खरोखर तुमच्या दारापुढच्या रस्त्यापलीकडे आहे का ते बघा. शेजारी असेल तर 'नेक्स्ट टू' किंवा 'बिसाइड'. पाठीमागे असेल तर 'बिहाइंड'. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असाल तर 'अबव्ह'. आसपास कुठेतरी आहे, नक्की सांगता येत नाही, तर 'निअर', त्यात कमीपणा काही नाही. 'ऑप.' हा दावा आहे : या खुणेकडे पाठ करून उभे राहा, मी दिसेन. ते खरं नसेल तर लिहू नये. प्रत्यक्षात आपल्या पत्त्यांमध्ये 'ऑप.' हे 'इथेच कुठेतरी, शोधा' या अर्थानं इतक्या वेळा येतं की डिलिव्हरीवाले ते वाचून सरळ फोनच लावतात.

सगळ्यात फसवी खूण म्हणजे रस्त्याच्या मधोमध उभी असलेली. वर्धा रोडवर मेट्रोचे खांब रस्त्याच्या मध्यात आहेत. 'ऑप. मेट्रो पिलर' लिहिलंत तर डाव्या बाजूचं दुकानही त्या खांबाच्या ऑपोझिट आणि उजव्या बाजूचंही. दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला गेलेला माणूस पुढचा यू-टर्न शोधत लांब जातो आणि तिथून तुम्हालाच शिव्या देतो. तेव्हा खांबाचा नंबर हवा तर द्या, पण त्यासोबत बाजूही द्या : 'ऑन द लेफ्ट वेन कमिंग फ्रॉम सीताबर्डी'. लांबलचक वाटतं, पण दोन फोन वाचवतं. चौकाच्या मधोमध पुतळा असेल तिथेही तेच. चारही कोपऱ्यांवरची दुकानं त्याच्या ऑपोझिट असतात, म्हणजे पत्ता म्हणून त्याचा उपयोग शून्य.

नागपूरचे पत्ते चौकांवर चालतात. व्हेरायटी चौक, शंकरनगर चौक, लॉ कॉलेज चौक, मेडिकल चौक. त्यामुळे इथे ऑपोझिटचा एक धाकटा भाऊ फार कामाचा आहे : 'डायगोनली ऑपोझिट', म्हणजे चौकातला तिरपा समोरचा कोपरा. तुमच्या कोपऱ्यावरून दोन रस्ते ओलांडल्यावर जो कोपरा येतो तो. एकच रस्ता ओलांडून जाता आलं तर नुसतं ऑपोझिट. चौकातल्या दुकानाचा पत्ता लिहिताना ही एक दुरुस्ती केली तरी निम्मा गोंधळ कमी होतो. अगदी नाकासमोर असेल तर 'डायरेक्टली ऑपोझिट'. आपलं 'जस्ट ऑपोझिट' देशात सगळ्यांना कळतं, देशाबाहेर 'राइट ऑपोझिट' जास्त ओळखीचं.

जाहिरातींमधला 'फेसिंग' वेगळा. 'लेक फेसिंग फ्लॅट' म्हणजे फ्लॅटचं तोंड तलावाकडे आहे एवढंच. मधे रस्ता आहे, झाडं आहेत की तलाव दूरवर चमकतोय, याबद्दल तो शब्द काही बोलत नाही. 'ऑपोझिट द लेक' म्हटलं तर रस्ता ओलांडला की पाणी लागलं पाहिजे. फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या बाजूला फ्लॅट बघताना यातला कुठला शब्द छापलाय ते नीट वाचा. पैशांचा फरक या दोन शब्दांत असू शकतो.

पूर्ण पत्ता असा दिसेल. समजा घर एका शाळेच्या रस्त्यापलीकडे आहे आणि खाली मेडिकल स्टोअर आहे :

फर्स्ट फ्लोअर, अबव्ह मेडिकल स्टोअर,
ऑप. गर्ल्स स्कूल मेन गेट,
मग गल्ली, वस्ती, नागपूर आणि पिन.

शाळेला दोन गेट असतात, म्हणून 'मेन गेट' लिहिलं. मोठ्या आवाराच्या ऑपोझिट म्हणजे नेमकं कुठे, हा प्रश्न मेडिकल कॉलेज किंवा दीक्षाभूमीसारख्या जागांना नेहमी पडतो. आवार मोठं असेल तर गेटचं नाव द्यायलाच हवं.

आणि स्पेलिंग : दोन 'पी', शेवटी 'ई', आणि ज्याला आपण झ म्हणतो ते अक्षर 'एस'. लघुरूपातही दोन्ही 'पी' राहतात. उच्चारात जोर पहिल्या 'ऑ'वर.

पायरी ५ : फोनवर

लिहिलेलं कितीही शुद्ध असलं तरी शेवटी फोन येतोच. तो साधारण असा असतो :

'मॅडम, पार्सल आहे. मी शाळेच्या समोरच उभा आहो.'

'मग दिसत कसे नाही? मी गॅलरीतच आहे न.'

'थोडं समोर येऊ का?'

'नाही नाही, समोर नका येऊ भाऊ, समोर या!'

शेवटचं वाक्य बोलणारी मॅडम वेडी नाही. तिच्या त्या वाक्यातल्या पहिल्या 'समोर'चा अर्थ 'पुढे', दुसऱ्याचा 'पलीकडे'. पार्सलवाला शाळेच्या गेटपुढे उभा आहे, म्हणजे इन फ्रंट ऑफ, आणि त्याला यायचं आहे ऑपोझिट. मराठीत यावर उपाय सोपा आहे : 'समोर' हा शब्दच सोडा आणि 'रस्ता ओलांडा' म्हणा. इंग्रजीतही आधी तेच करा. 'आर यू ऑन द स्कूल साइड? प्लीज क्रॉस द रोड. वी आर ऑपोझिट द मेन गेट.' आधी समोरच्याची बाजू विचारायची, मग ओलांडायला सांगायचं आणि ऑपोझिट शेवटी. ऑफिसात रिसेप्शनला बसणाऱ्यांनी ही तीन वाक्यं आपल्या ऑफिसच्या खुणेसकट कागदावर लिहून फोनजवळ चिकटवून ठेवावीत.

पत्त्याबाहेरचा ऑपोझिट

शब्द मूळचा लॅटिन. 'ओब' म्हणजे विरुद्ध किंवा समोर, 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. समोर आणून ठेवलेलं ते ऑपोझिट. जागा आणि विरोध हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात पहिल्यापासून आहेत आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी ते वेगळे काढून ठेवलेत. चौकोनाच्या ऑपोझिट बाजू म्हणजे संमुख बाजू. दहावीच्या त्रिकोणमितीत साइन थीटा म्हणजे थीटाची संमुख बाजू भागिले कर्ण, तिथेही तोच ऑपोझिट. पण दोन रेषा छेदल्यावर होणारे समोरासमोरचे कोन मराठी पुस्तकात 'विरुद्ध कोन' होतात, आणि पाच व उणे पाच या 'विरुद्ध संख्या'. मराठी माध्यमातून अकरावीला इंग्रजीत गेलेल्या मुलांनी वहीच्या मागच्या पानावर ही जोडी लिहून ठेवावी : 'संमुख' दिसला की ऑपोझिट, 'लगतची' दिसली की ॲडजेसंट.

वनस्पतिशास्त्रात हा शब्द मला सगळ्यात नेमका वाटतो. फांदीच्या एकाच पेरावर दोन बाजूंना दोन पानं फुटली तर ती ऑपोझिट. एका पेरावर एक, पुढच्या पेरावर दुसऱ्या अंगाला एक, अशी निघाली तर ऑल्टरनेट, म्हणजे एकाआड एक. साग बघा, पेरू बघा, अंगणातली तुळस बघा : पानं समोरासमोर. संत्र्याची डहाळी हातात घ्या : एकाआड एक. मधे फांदी आणि दोन काठांवर दोन पानं, म्हणजे पहिल्या पायरीतली अट इथे डोळ्यांनी बघता येते.

सभागृहातही तेच. ब्रिटिश संसदेत सरकार आणि विरोधक मधे मोकळी जागा सोडून समोरासमोर बसतात आणि पलीकडच्या सदस्यांना 'मेंबर्स ऑपोझिट' म्हणतात. 'ऑपोझिशन' त्याच मुळातला. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं, आणि त्या दिवसांत इंग्रजी बातम्यांत 'ऑपोझिशन' रोज असतो. वाचताना 'ऑपोझिट' आणि 'ऑपोझिशन' यांची गल्लत करू नका. पहिला जागा किंवा उलटपणा सांगतो, दुसरा विरोध किंवा विरोधी पक्ष.

सिनेमाच्या बातमीत 'शी ॲक्टेड ऑपोझिट हिम' वाचून ती खलनायिका होती असं समजणारे बरेच भेटतात. अर्थ अगदी वेगळा आहे : ती त्याची नायिका होती, जोडी होती. आणि ऑफिसच्या इंग्रजीत 'माय ऑपोझिट नंबर इन मुंबई' म्हणजे मुंबईच्या शाखेत माझ्याच पदावर असलेली व्यक्ती. तिचा फोन नंबर नव्हे, आणि गणितातली विरुद्ध संख्या तर नव्हेच.

शेवटी एक सापळा स्पेलिंगचा. पहिला 'ओ' जाऊन तिथे 'ए' पडला की 'ॲपझिट' हा निराळाच शब्द होतो आणि त्याचा अर्थ 'समर्पक'. तोही शब्दकोशात असल्यामुळे कॉम्प्युटर त्याखाली लाल रेघ ओढेलच असं नाही. पत्रिका छापायला देण्याआधी ते पहिलं अक्षर एकदा स्वतः वाचा.